सोंग आणि ढोंग : बोहाड्याच्या मुखवट्यासमोर

“फादर, यंदा सोंग आमच्या घराचं आहे. मी तर आता बाप्तिस्मा घेतलेला. मग ते नाचवायचं कोणी?”

काही वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका लहानशा मिशन-केंद्रात आम्ही फाल्गुन महिन्यात मिस्सा अर्पण करण्यासाठी गेलो होतो. मिस्सा संपल्यावर साठीच्या घरातल्या एका भाविकाने आम्हांला अंगणात गाठून हा प्रश्न विचारला. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसासुराचे सोंग चालत आलेले होते. आजोबांनी ते नाचवले, वडिलांनी नाचवले, पुढे त्यांनी स्वतः नाचवले. आता ते ख्रिस्ती झाले होते आणि गावच्या देवीचा उत्सव महिन्यावर आला होता. आम्ही घाईत होतो. पुढच्या पाड्यावर दुसरी मिस्सा होती. आम्ही एका शब्दात उत्तर दिले : “नको.” त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

परतीच्या वाटेवर आमच्या मनाला चुटपूट लागून राहिली. ज्या गोष्टीविषयी आम्ही निकाल दिला, ती आम्ही आयुष्यात एकदाही पाहिलेली नव्हती. गुरुविद्यालयात आम्ही ग्रीक शब्दांची व्युत्पत्ती शिकलो, परिषदांचे ठराव पाठ केले. परंतु वसईहून काही तासांच्या अंतरावर, आमच्याच मराठी मुलखात, माणसे रात्ररात्र मुखवटे घालून कशासाठी नाचतात, हे कोणी आम्हांला सांगितले नाही व आम्हीही कोणाला विचारले नाही. म्हणून त्याच वर्षी आम्ही शेजारच्या एका गावी बोहाडा पाहावयास गेलो व पहाटेपर्यंत बसलो. त्यानंतरही दोनदा गेलो. त्या तीन रात्रींत जे पाहिले त्याचे मूल्यमापन करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

होळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागात बोहाड्याचे दिवस सुरू होतात. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, तर कुठे जगदंबेची यात्रा. मोखाड्याचा जगदंबा उत्सव त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. राब भाजून झाला, पाऊस अजून दूर आहे, शेतावर काम नाही, असे हे दिवस. एकेक गाव आपल्या सोयीने तिथी धरते. गावागणिक रात्रींची संख्या बदलते, सोंगांचा क्रम थोडाफार बदलतो. परंतु मूळ मांडणी तीच. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी अशा सर्व समाजांचा त्यात वाटा असतो. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवावयाचे हे पुष्कळ गावांत परंपरेने ठरलेले असते, आणि घराणी तो मान जिवापाड जपतात.

रात्र पडली की गावच्या मुख्य गल्लीच्या दुतर्फा माणसे बसतात. एका टोकाला देवीचे देऊळ, दुसऱ्या टोकाकडून सोंग येते. आरंभी गणपती आणि सारदा म्हणजे सरस्वती; मग रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील देव, वीर व राक्षस; मध्ये वेताळासारखी दैवते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. आता बहुधा कागदाच्या लगद्याचे असतात. ते चेहऱ्यावर फडक्याने आवळून बांधलेले. पुढे मशाल किंवा टेंभा, सोबत संबळ आणि सनई. सोंग चार पावले पुढे येते, तीन मागे जाते. पुन्हा पुढे येते. ही लहानशी गल्ली ओलांडावयास एकेका सोंगाला बराच वेळ लागतो. शेवटच्या रात्री, पहाट होण्याच्या सुमारास, देवी येते. तिचे आणि म्हैसासुराचे युद्ध होते, आणि असुर पडतो. मग आयाबाया पुढे होऊन देवीच्या सोंगाला ओवाळतात, नवस फेडतात. सूर्य उगवतो तेव्हा उत्सव संपलेला असतो.

नाट्यकृती म्हणून याकडे पाहावयाचे झाल्यास पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे मौन. दक्षिण कोकणातील दशावतारात गणपतीचा मुखवटा येतो खरा. पण बाकीची पात्रे रंगवलेल्या चेहऱ्याने येतात, बोलतात, वाद घालतात, हशा पिकवतात. बोहाड्यात संवाद जवळजवळ नाहीतच. मुखवटा बोलत नाही; त्याच्यासाठी संबळ बोलतो. रावण का रागावला, भीम कोणाला शोधतो आहे, हे कोणी सांगत नाही. बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. आमच्यासारख्या परक्याला पहिली दोन तास ते एकसुरी वाटते. मग हळूहळू ध्यानात येते की येथे गोष्ट सांगावयाचीच नाही. गोष्टीतील कोणीतरी आपल्या गल्लीतून, आपल्या दारावरून चालत जावा, एवढेच हवे आहे. मशालीचा उजेड हलतो तसे मुखवट्याचे स्थिर डोळे हलल्यासारखे भासतात. मागे-पुढे होणाऱ्या त्या पावलांमुळे सोंग येते आहे की परतते आहे, हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही. या अनिश्चिततेत एक भय आहे, आणि ते कोणत्याही रंगमंचीय प्रकाशयोजनेने साधणारे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ओझे. रावणाचे दहा तोंडांचे सोंग आम्ही अगदी जवळून पाहिले. ती शिरे सांभाळता सांभाळता नाचणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मुखवट्याच्या लहानशा छिद्रांतून त्याला धड दिसत नव्हते. दोन्ही बाजूंनी दोन माणसे त्याला हलकेच धरून होती. तो थकला की सावरत होती, कोणी पाणी देत होते. प्रेक्षकांपैकी कोणीही “कोण नाचतो आहे?” असे विचारले नाही. अभिनेत्याचे नाव व्हावे, त्याला टाळी मिळावी, असा येथे प्रकारच नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो माणूस स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून गावाचे काहीतरी वाहून नेत असतो.

दोषही सांगितले पाहिजेत. केवळ कौतुक करणे ही टीका नव्हे. दोन सोंगांच्या मध्ये कंटाळवाणी पोकळी राहते. काही सोंगे केवळ संख्या भरावी म्हणून येतात आणि पावलांत काहीही भर न घालता जातात. आम्ही पाहिलेल्या एका गावी ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याने संबळाचा जीव घेतला होता, आणि विजेच्या प्रखर दिव्यांखाली तोच मुखवटा, जो मशालीपुढे जिवंत वाटला असता, जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसत होता. कित्येक तरुण सोंगाकडे डोळ्यांनी पाहतच नव्हते. भ्रमणध्वनी उंच धरून त्याच्या पडद्यातून पाहत होते. मात्र आमच्या चर्चमधील प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीही हेच घडते, हे सांगितल्यावाचून ही तक्रार प्रामाणिक ठरणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. मुखवटा म्हणजे काय? आपल्या मराठीने या बाबतीत दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत : सोंग आणि ढोंग. आपण ते जोडीने उच्चारतो, म्हणून ते एकच वाटतात. पण ढोंग करणारा आपण जे नाही ते आहोत असे दुसऱ्याला पटवू पाहतो. त्याचा हेतू फसवण्याचा असतो. सोंग आणणारा कोणालाही फसवत नाही. रावणाच्या मुखवट्याआड कोणाचा मुलगा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. ढोंगी माणूस चेहऱ्याचाच मुखवटा करतो. सोंगाड्या मुखवटा उघडपणे मुखवटा म्हणूनच धारण करतो.

प्रभू येशूने मत्तयकृत शुभवर्तमानात ज्यांच्यावर अत्यंत कठोर शब्दांत आसूड ओढला ते ढोंगी होते. मराठी बायबलमध्ये ‘ढोंगी’ असा शब्द आलेला आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘हिपोक्रितेस’, आणि त्याचा त्या भाषेतला अर्थ नट, म्हणजे मुखवटा घालून रंगभूमीवर उभा राहणारा माणूस. पण हा शब्द प्रभूने कोणासाठी वापरला? नाटकातल्या नटांसाठी नव्हे; चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांसाठी, कर्णा वाजवून दानधर्म करणाऱ्यांसाठी, उपवासाच्या दिवशी चेहरे मुद्दाम म्लान करणाऱ्यांसाठी. म्हणजे ज्यांनी धर्माचाच मुखवटा केला त्यांच्यासाठी. हे वाचल्यावर आम्हां धर्मगुरूंना तरी मुखवट्यांविषयी बोलताना जपूनच बोलावे लागेल.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या विषयाला आणखी एक विलक्षण कलाटणी आहे. इ. स. 200 च्या आसपास कार्थेजच्या तर्तुल्यनाने नाटके आणि खेळ यांच्याविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली. ज्या देवाने प्रतिमा करण्यास मनाई केली त्याला मुखवटे कसे रुचतील, अशा आशयाचा प्रश्न तो त्यात विचारतो. परंतु पवित्र त्रैक्याचे रहस्य लॅटिन भाषेत मांडण्याची वेळ आली तेव्हा याच तर्तुल्यनाने ‘पर्सोना’ हा शब्द हाती घेतला. ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, आणि त्यावरून नाटकातले पात्र. रंगभूमीला दाराबाहेर घालवणाऱ्या माणसाने तिचाच शब्द गर्भगृहात आणून ठेवला. आज जगभरचे ख्रिस्ती लोक ‘एक देव, तीन व्यक्ती’ असे म्हणतात, त्यातील ‘व्यक्ती’ या कल्पनेच्या मुळाशी तो मुखवटा आहे.

ग्रीक भाषिक धर्मपंडितांना मात्र हा धोका लवकर जाणवला. ग्रीकमधील ‘प्रोसोपोन’ म्हणजे चेहराही आणि मुखवटाही. सबेल्लियसच्या अनुयायांची शिकवण अशी होती की, देव एकच असून तो प्रसंगानुसार कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा म्हणून दिसतो. चौथ्या शतकात कैसरियाच्या संत बाझिलने त्यांना ठामपणे विरोध केला. देव काही मुखवटे बदलणारा नट नव्हे. पिता हा खरोखर पिता आहे आणि पुत्र हा खरोखर पुत्र. हा वाद शब्दांचा कीस काढणाऱ्यांचा वाटेल. पण बोहाड्याच्या गल्लीत पहाटे चार वाजता थंडीत कुडकुडत बसलो असता आम्हांला तो प्रथमच नीट समजला.

कारण आमची आणि बोहाड्याची वाट जेथे वेगळी होते ते ठिकाण हेच आहे. पहाटे देवी आली तेव्हा ओवाळणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर जो भाव होता तो खोटा नव्हता. त्या मुखवट्याला ओवाळत नव्हत्या, कोणा तरुणालाही ओवाळत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्या क्षणी देवी तेथे आलेली होती. तासाभराने मुखवटा उतरला. घामाने भिजलेला तो तरुण ओट्यावर बसून चहा पिऊ लागला, आणि देवी गेली. सोंग उतरते, ते उतरणे त्याच्या स्वभावातच आहे. ख्रिस्ताचे देहधारण मात्र सोंग नव्हते. देव माणसासारखा दिसला, त्याने शरीराचा केवळ आभास धारण केला, असे मानणारे लोक पहिल्या शतकांतच निघाले आणि ख्रिस्तसभेने त्यांची शिकवण तात्काळ अमान्य केली. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ज्या दास-रूपाचा उल्लेख केला आहे, ते रूप क्रुसावर चढले, कबरेत गेले आणि पुनरुत्थानानंतरही त्याने ते टाकून दिले नाही. शिष्यांना दाखवलेल्या हातांवर व्रण होते. उतरवता न येणारे, हा आमच्या श्रद्धेचा गाभा आहे. म्हणून, “दोन्ही शेवटी एकच” असे जे आमचे काही उदारमतवादी मित्र म्हणतात ते आम्हांला मान्य नाही. असे म्हणणाऱ्याने बोहाडाही नीट पाहिलेला नसतो आणि श्रद्धांगीकारही नीट म्हटलेला नसतो.

बोहाड्यावर आमच्यात आजवर दोन प्रकारची टीका होत आली, आणि आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली जुनी टीका : हा सैतानाचा नाच आहे. या टीकेची परंपरा मोठी आहे. 1736 सालच्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती कुटुंबांच्या विवाहादी प्रसंगांतील कितीतरी साध्या घरगुती चालीरीतीही निषिद्ध ठरवल्या. आमच्या वाडवडिलांनी त्याचे ओझे वाहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांविषयीचे आपले निवेदन जाहीर केले, आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा झिडकारीत नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर ‘सैतानी’ हा शब्द अभ्यासाला पर्याय म्हणून वापरण्याची मुभा आम्हांला उरलेली नाही.

दुसरी टीका नवी आहे आणि ती स्तुतीच्या रूपात येते : ही केवळ लोककला आहे, तिच्यात धर्मबिर्म काही नाही. ही भूमिका सोयीची असल्यामुळे ती शाळांच्या स्नेहसंमेलनांत, महोत्सवांत आणि आमच्या नाताळच्या कार्यक्रमांतही रुजली आहे. एका धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही पाहिले : मुलांना बाजारात मिळणारे चकचकीत मुखवटे दिलेले, ध्वनिफितीवर संबळ, आणि पाच मिनिटांत ‘आदिवासी नृत्य’ उरकलेले. टाळ्या भरपूर पडल्या. त्या मुखवट्यांना वजन नव्हते, त्यांच्यामागे घराणे नव्हते, नवस नव्हता, जागरण नव्हते. दुसऱ्याच्या पूजेचा आम्ही खेळ केला आणि त्याला ‘संस्कृतीशी संवाद’ असे नाव दिले. सोंगाचे ढोंग होते ते असे. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही तिच्यात भर घालू : श्रद्धेचेही आणता येत नाही. बोहाड्याला पवित्र मानणाऱ्याचा आम्हांला आदर वाटतो. बोहाड्याचे भय बाळगणाराही त्याला निदान गंभीरपणे घेतो. परंतु जो त्याला शोभेची वस्तू करतो तो त्याचा सर्वांत मोठा अपमान करतो.

मग त्या भाविकाच्या प्रश्नाचे काय? संत पौलापुढे करिंथ येथील ख्रिस्ती लोकांनी असाच एक प्रश्न ठेवला होता : मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा की नाही? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत पौल त्याचे उत्तर देतो. ते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे नाही. त्यासाठी त्याला तीन अध्याय लागले. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे ज्ञान बरोबर आहे, असे तो म्हणतो. पण ज्ञान फुगवते आणि प्रीती उभारते. प्रभूच्या मेजाचा वाटेकरी होऊन दुसऱ्या मेजाचाही वाटेकरी होता येणार नाही, हेही तो स्पष्टपणे सांगतो. आणि या सर्वांच्या मध्ये तो पुन्हा पुन्हा शेजारच्या दुर्बळ बंधूकडे बोट दाखवतो : तुझ्या करण्याने वा न करण्याने त्याचे काय होईल?

आम्ही तीन अध्यायांऐवजी एक शब्द वापरला होता. उत्तर चुकीचे होते असे आजही आम्हांला वाटत नाही. ज्या सोंगाचा शेवट देवीच्या पूजेत होतो ते बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने नाचवू नये, हेच आम्ही आजही सांगू. परंतु तो माणूस परवानगी मागायला आलाच नव्हता. तो विचारत होता, “मग ते नाचवायचं कोणी?” गावाच्या उत्सवात असुराचे सोंग घेणारे घर हे मानाचे असले तरी सोपे नाही. देवीचे सोंग ओवाळले जाते. म्हैसासुराच्या वाट्याला पडणे येते. गावाने वर्षभरातले सारे अरिष्ट ज्याच्या माथी द्यावे आणि जो पहाटे सर्वांदेखत धुळीत पडतो, तो भार त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या वाहिला होता. आपण बाजूला झालो तर तो कोणाच्या खांद्यावर जाईल, ही त्याची चिंता होती. दुसऱ्यांसाठी ओझे वाहणे ज्याला इतके खोलवर कळले होते त्याला क्रुसाविषयी आम्ही किती सांगू शकलो असतो! आणि आम्ही मोटारसायकल सुरू करीत “नको” म्हणालो.

पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याच गावच्या बोहाड्याला गेलो तेव्हा ते सोंग त्यांच्या पुतण्याने घेतले होते. तो ख्रिस्ती नव्हता. म्हैसासुर आमच्यासमोरून गेला, तेव्हा आम्हांला ते स्वतः दिसले. ते मुखवट्यात नव्हते, देवळाकडेही गेले नव्हते. गल्लीच्या मध्यावर, आपल्या घराच्या ओट्यावर ते पाण्याची कळशी घेऊन उभे होते. पुतण्या धापा टाकीत तेथे थांबला. त्यांनी मुखवटा जरा वर उचलला, त्याच्या ओठांना तांब्या लावला, गळ्यामागची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. संबळ पुन्हा सुरू झाला.

कोणत्याही धर्मगुरूने त्यांना हे सुचवले नव्हते. आमच्या एका शब्दाच्या उत्तरात जे नव्हते ते त्यांनी स्वतः शोधून काढले. पहाटे त्यांनी आम्हांला घरी चहाला बोलावले. पुतण्याही तेथेच होता. मुखवटा भिंतीला टेकवून ठेवलेला. आम्ही त्या वेळी प्रथमच तो हातात घेऊन पाहिला. तो आम्ही समजलो होतो त्यापेक्षा बराच जड होता.